छापण्याआधी कुणी वाचले?

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिटचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये आणला. तीस तासांचा अभ्यासक्रम, सहा घटक. त्यातून विद्यार्थ्याच्या लक्षात बहुधा एकच आकडा राहतो: साम्य दहा टक्क्यांच्या आत हवे. तेवढे जमले की नीती जमली, असा समज घेऊन तो वर्गाबाहेर पडतो. हे पुस्तक त्या अभ्यासक्रमाला उपयोगी पडेल. नियम, समित्या, तक्रारीची पद्धत हे सारे पुढच्या प्रकरणांत नीट दिलेले आहे. प्रस्तावनेत मला या नियमांच्या मागची गोष्ट सांगायची आहे, कारण ती कळली नाही तर नियम नुसते पाठ होतात.

शोधनिबंध वाचणाऱ्याला त्यातले स्वतः तपासून पाहता येईल असे फारच थोडे असते. नागपुरातल्या डॉक्टरला लंडनच्या रुग्णालयातल्या तपासण्या पुन्हा करता येत नाहीत. कोल्हापुरातल्या इतिहासाच्या प्राध्यापिकेला दर संदर्भासाठी पुण्याला जाऊन पेशवे दफ्तरातला मूळ रुमाल सोडवता येत नाही. दोघेही छापलेल्यावर विसंबतात. आपल्याआधी जाणत्या माणसांनी हे वाचले आहे, शंका काढल्या आहेत, त्यांची उत्तरे मागितली आहेत, असे ते धरून चालतात. लेखकाने वाचले, सहलेखकांनी वाचले, परीक्षकांनी वाचले, संपादकाने वाचले. जर्नलच्या नीतीतला जवळजवळ प्रत्येक नियम या वाचण्याची राखण करण्यासाठी आहे. आणि वाचणाऱ्याला कितीही बारकाईने पाहिले तरी जे दिसू शकत नाही, म्हणजे पैसा कुणाचा, नमुने कुठले, आकडे कुणी गोळा केले, ते लेखकाने आपण होऊन सांगावे यासाठी उरलेले नियम आहेत.

असे वाचणे किती मोलाचे असते याचे एक उदाहरण सांगतो. १९३६ साली आइन्स्टाइन आणि त्यांचे तरुण सहकारी नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या अमेरिकी जर्नलकडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा रोख होता. संपादक जॉन टेट यांनी तो नेहमीप्रमाणे एका परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने दहा पानांचे टिपण लिहून गणितातली अडचण दाखवून दिली. आइन्स्टाइन संतापले. आम्ही निबंध छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी तो तज्ज्ञांना दाखवण्याची मुभा दिलेली नव्हती, असे कळवून त्यांनी तो परत घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. त्यांचे नाव जर्नलच्या जुन्या नोंदवहीवरून कितीतरी दशकांनी उघड झाले. पण रॉबर्टसन तेवढ्यावर थांबले नव्हते. टिपण आपण लिहिले हे न सांगता त्यांनी प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइनचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी त्याच गणिताची चर्चा केली. १९३७ मध्ये निबंध दुसऱ्या जर्नलात आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. त्या लहरी २०१५ च्या सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या, आणि त्या टिपणारी भारतातली वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे.

या प्रसंगात मला टेट यांचे वागणे फार महत्त्वाचे वाटते. समोर आइन्स्टाइनचे नाव होते. निबंध तसाच छापला असता तर त्यांना कुणी बोल लावला नसता. त्यांनी तो इतरांच्या निबंधासारखाच वागवला. रॉबर्टसन यांनी आपले नाव कुठे येणार नाही हे माहीत असताना दहा पाने लिहिली. आजही परीक्षकाला या कामाचे बहुधा मानधन मिळत नाही, श्रेय मिळत नाही, पदोन्नतीत त्याला जागा नसते. तरी जगभर ते रोज चालते. विद्याव्यवहारात परोपकार म्हणावा असे याहून मोठे काही मला ठाऊक नाही, आणि ज्यांनी हे काम मनापासून केले अशा असंख्य अनामिकांविषयी मला अतिशय आदर आहे.

छापण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञाकडून परीक्षण ही रीत जर्नलच्या जन्मापासूनची असेल असे वाटते. ती तशी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ मध्ये सुरू केले तेव्हा निवड मुख्यतः त्यांच्याच हाती होती. 'नेचर'सारख्या जर्नलने बाहेरचे परीक्षण सरसकट लागू केले ते १९७३ मध्ये. आपल्याकडे वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. अस्सल कागद समोर ठेवा, मग बोला, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या सभांत टिपणे वाचली जात आणि त्यांवर वाद झडत. पीअर रिव्ह्यू हा शब्द तेव्हा आपल्याकडे नव्हता, पण ज्याला त्यातले कळते त्याच्यापुढे पुरावा ठेवायचा, ही शिस्त होती. म्हणून हे नियम परदेशातून आलेले ओझे आहे, असे निदान मराठी अभ्यासकाने म्हणू नये.

ही शिस्त सुटली की काय होते याचे भारतातले सर्वांत वेदनादायक उदाहरण हिमालयाच्या जीवाश्मांचे आहे. पंजाब विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ विश्वजीत गुप्ता यांनी दोन दशकांहून अधिक काळ हिमालयातल्या जीवाश्मांवर शेकडो निबंध लिहिले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की यातले कितीतरी नमुने हिमालयातले नाहीतच. हिमालयातले म्हणून छापलेले काही सूक्ष्म जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक या प्रसिद्ध ठिकाणच्या नमुन्यांशी हुबेहूब जुळत होते. काही मोरोक्कोत मिळणाऱ्या, दुकानात विकत घेता येणाऱ्या प्रकारचे होते. निबंधांत सापडल्याचे ठिकाण इतके मोघम की दुसऱ्या कुणाला तिथे जाऊन खडक फोडून बघणे शक्य होऊ नये.

पण मला अस्वस्थ करते ती सहलेखकांची लांबलचक यादी. देशोदेशीचे नामवंत तज्ज्ञ त्या निबंधांवर आहेत. त्यांतल्या अनेकांनी केले ते इतकेच की गुप्तांनी पुढे केलेला नमुना प्रामाणिकपणे ओळखून दिला. ओळख बरोबर होती. नमुना कुठून आला, हे त्यांनी विचारले नाही. ज्या निबंधावर आपले नाव जाणार आहे त्यातल्या इतर परिच्छेदांची हमी आपण देतो आहोत, हे त्यांच्या मनात आले नाही. त्यांच्या नावांमुळे निबंधांना वजन आले, आणि हिमालयाच्या भूशास्त्रात इतका खोटा माल मिसळला की पुढच्या पिढीला तो निवडत बसावे लागले. विद्यापीठाच्या चौकशीत गुप्ता दोषी ठरले, तरी त्यांची नोकरी गेली नाही. ते निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. याचा राग येतो, आणि तो यावा असे मला वाटते.

वैद्यकातले उदाहरण अधिक परिचयाचे आहे. 'लॅन्सेट'ने फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि बारा सहलेखकांचा बारा मुलांवरचा निबंध छापला. गोवर, गालगुंड, रुबेला या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली. लस उत्पादकांविरुद्ध दावा करू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, हे निबंधात नव्हते. ते पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ मध्ये उघडकीस आणले. त्यानंतर दहा सहलेखकांनी निष्कर्षातून अंग काढून घेतले. 'लॅन्सेट'ने संपूर्ण निबंध मागे घ्यायला मात्र २०१० उजाडले. तोवर ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले होते आणि भीती जगभर पोचली होती. हितसंबंध जाहीर करण्याचा जो रकाना आपण 'काही नाही' असे लिहून झटक्यात भरतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे. कोविडच्या वेळी, मे २०२० मध्ये, त्याच 'लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ९६ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर आधारलेला निबंध आला. आकडे एका खासगी कंपनीचे होते. ते पडताळायला मागितल्यावर मिळेनात, आणि दोन आठवड्यांच्या आत निबंध मागे घेण्यात आला. चूक पकडली ती छापून आल्यावर आकडे चिकित्सेने वाचणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांनी.

संपादकांनी एकत्र येऊन नियम बांधले ते अशाच प्रसंगांमुळे. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी आपल्यापुढची अडचणीची प्रकरणे एकमेकांना सांगायला सुरुवात केली, त्यातून 'कोप' ही समिती उभी राहिली. आज तिची मार्गदर्शक सूत्रे सर्व विषयांची जर्नले वापरतात. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावे याच्या चार अटी घातल्या आहेत: कामात खरा वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि निबंधातल्या कोणत्याही भागाविषयी प्रश्न आला तर उत्तर देण्याची तयारी. चारही अटी पुऱ्या व्हायला हव्यात. चौथी अट वाचताना गुप्तांचे सहलेखक आठवावेत.

आता आपल्या महाविद्यालयांकडे येतो. इथे मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्याकडचा रोग वेगळ्या मुळातून आला. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापणे बंधनकारक केले. २०१० मध्ये शिक्षकांच्या नेमणुका आणि पदोन्नतीसाठी 'एपीआय' ही गुणांची पद्धत आली. हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षे काही न लिहिणाऱ्या शिक्षकाने लिहावे, ही अपेक्षा रास्तच होती. पण ग्रंथालयात चार जर्नले येत नाहीत, आठवड्याचे तास भरलेले, परीक्षा, नॅक, निवडणुकीचे काम, आणि प्रयोगशाळा म्हणजे पदवीच्या प्रात्यक्षिकांची खोली, अशा ठिकाणी काम करणाऱ्या हजारो माणसांकडे एकाच वेळी निबंध मागितले गेले. मागितले ते मोजायला. वाचणार कुणीच नव्हते.

गुणांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार भाषा आणि मानव्यशाखांत एका निबंधाला १० गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७. आता दोन मित्रांनी आपापला एकेक निबंध एकट्याच्या नावावर लिहिला, तर प्रत्येकाला १० गुण. दोघांनी आपल्या निबंधावर दुसऱ्याचे नाव घातले, तर प्रत्येकाचे दोन निबंध, ७ आणि ७, एकूण १४. एक ओळही जास्त लिहिलेली नाही. तिघांनी मिळून असेच केले तर पहिल्या नावाचे ७ आणि उरलेल्या दोन निबंधांचे तीन-तीन, म्हणजे १३. खरे सहकार्य वाढावे म्हणून ठेवलेली ही सवलत असणार, पण जो गणित करतो त्याला ती दुसरेच शिकवते. विभागप्रमुखांचे नाव 'घालावे लागते', मार्गदर्शकांचे 'असतेच', मित्राचे 'असू दे', या बोलण्यात कुणाला काही गैर वाटेनासे झाले ते अशा हिशेबांमुळे. तरुण अभ्यासकाला इथे दोष देणे मला जमत नाही. नाव घालू नका, असे वरिष्ठांना सांगण्याची हिंमत त्याच्याकडून मागायची आणि वरिष्ठांना काहीच विचारायचे नाही, हा अन्याय आहे.

मागणी निर्माण झाल्यावर दुकाने उघडली. 'प्रिडेटरी जर्नल' हे नाव रूढ केले ते कोलोराडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी. आपल्याकडे ही जर्नले प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. संदेशाचा साचा ठरलेला: अठ्ठेचाळीस तासांत प्रकाशन, आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टर सहाच्या वर, सर्व विषयांचे निबंध स्वीकारले जातील, ई-प्रमाणपत्र मिळेल, फी अमुक, प्रत्येक जादा लेखकामागे अमुक. यातला एकेक शब्द पाहावा. आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्याचा आठ अंकी क्रमांक आहे, तो किराणा दुकानदारांच्या संघटनेच्या मासिकालाही मिळू शकतो. दर्जाशी त्याचा संबंध नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर एका ठरावीक सूचीतल्या जर्नलांनाच मिळतो. बाकीचे आकडे विकत घेतलेले असतात. वनस्पतिशास्त्र आणि दलित कविता यांचे परीक्षण एकच मंडळ करणार असेल तर ते कुणीही करत नाही, हे उघड आहे. आणि अठ्ठेचाळीस तासांत दोन परीक्षकांनी निबंध वाचून, लेखकाने सुधारून, पुन्हा पाहून होत नाही. चांगल्या जर्नलकडून पहिले उत्तर यायला काही महिने जातात. त्या उत्तरात तक्ता क्रमांक तीनमधली बेरीज चौथ्याशी जुळत नाही, असे बारीक काहीतरी असते. ते वाचून आधी वाईट वाटते. मग आपण कागद-पेन्सिल घेऊन बसतो, आणि बेरीज खरोखर चुकलेली असते. प्रमाणपत्र विकणाऱ्या जर्नलकडे निबंध देणारा अभ्यासक या अनुभवाला मुकतो. त्याचे फीचे पैसे जातात त्यापेक्षा मला हे नुकसान मोठे वाटते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी दगडफुलातल्या एका रेणूवरचा खोटा निबंध रचून तो ३०४ जर्नलांना धाडला. त्यातले आलेख आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळतच नव्हते. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला, आणि त्यांत मोठ्या, प्रतिष्ठित प्रकाशकांचीही काही होती. पण या बाजारात भारताचा वाटा मोठा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या 'ओमिक्स' समूहाला पीअर रिव्ह्यूबद्दल आणि संपादक मंडळांबद्दल दिशाभूल केल्याप्रकरणी ५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरायला सांगितले.

या काळोखात एक अभिमानाची गोष्ट पुण्यात घडली. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची प्रचंड यादी जाहीर केली होती, आणि विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावे तीत शिरली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती यादी तपासायला घेतली. नमुना म्हणून निवडलेल्या १३३६ जर्नलांपैकी मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत असलेली वगळून १००९ उरली. मग एकेक जर्नल उघडून त्यांनी साधे प्रश्न विचारले. पत्ता आहे का? संपादकांची नावे आहेत का, आणि ती माणसे खरी आहेत का? क्रमांक बरोबर आहे का? इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खरा आहे का? सुमारे एक तृतीयांश जर्नले पहिल्याच पायरीवर गळाली, कारण पत्ता, संकेतस्थळ, संपादक यांची माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. निम्म्याहून जास्त खोट्या दाव्यांमुळे किंवा संपादकांच्या कच्च्या पात्रतेमुळे बाद झाली. ८८ टक्क्यांहून अधिक जर्नले हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ जर्नले यादीतून काढली. या कामात महागडे यंत्र लागले नाही, मोठा निधी लागला नाही. चिकाटी लागली, आणि आपल्याच विद्यापीठाने केलेल्या शिफारशीही उघड्या पडतील याची तयारी लागली.

पुढे २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि तिचे काम पुण्यातूनच चालले. ती आधीच्या यादीपेक्षा पुष्कळ चांगली होती. पण यादी म्हटली की तिच्याभोवतीही बाजार उभा राहतो. यादीतल्या जुन्या, प्रतिष्ठित पत्रिकांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे निघाली, आणि छोट्या संस्थेच्या, मुख्यतः कागदावर निघणाऱ्या भाषिक पत्रिका त्यांना सहज बळी पडल्या. आयुष्यभर पदरमोड करून त्रैमासिक चालवणाऱ्या संपादकाला एके दिवशी कळावे की आपल्या नावावर कुणी दुसराच फी घेतो आहे, याहून क्लेशकारक काय असेल? फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि जर्नल निवडण्याचे निकष सुचवून निर्णय संस्थांवर सोपवला. पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती तर २०२२ मध्येच गेली होती. अनेकांना हे मोकळे सोडणे धोक्याचे वाटते. मलाही धास्ती आहे. तरी या निर्णयाची दिशा मला योग्य वाटते, कारण निबंध कुठे छापला हे पाहून त्याचा दर्जा ठरवण्याची सोय आता उरलेली नाही.

टक्केवारीबद्दल थोडे लिहिले पाहिजे. २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. चाळीसपर्यंत प्रबंध सहा महिन्यांत सुधारून द्यायचा. साठपर्यंत एक वर्षाची बंदी. त्यापुढे नोंदणी रद्द. हे आवश्यक होते. मात्र सॉफ्टवेअर शब्द मोजते, उचलेगिरी ओळखत नाही. इंग्रजी लेखाचा जसाच्या तसा मराठी अनुवाद करून आपल्या नावावर दिला तर साम्य जवळजवळ शून्य दिसते, आणि मराठी संशोधनात ही चोरी सर्वांत जास्त चालते असे माझे मत आहे. दुसरी चोरी याहून बारीक आहे. राजवाड्यांच्या खंडातून पत्र घ्यायचे आणि तळटीप मात्र मूळ मोडी कागद स्वतः पाहिल्यासारखी द्यायची. राजवाड्यांकडून एखादा शब्द चुकीचा लागला असेल तर तो तसाच पुढे जातो, आणि पुढचा अभ्यासक समजतो की दोघांनी स्वतंत्रपणे कागद पाहिला. दोन्ही चोऱ्या पकडता येतात, पण त्यासाठी ज्याने ते इंग्रजी पुस्तक वाचले आहे, ज्याला मोडी येते, असा परीक्षक लागतो.

मराठीतल्या पत्रिकांची अडचण इथेच आहे. एखाद्या विषयातले जाणते मोजके असतात आणि सगळे एकमेकांना ओळखतात. लेखकाचे नाव झाकले तरी दुसऱ्या परिच्छेदात परीक्षकाला कळते की हा कुणाचा विद्यार्थी. मग भीड आडवी येते, किंवा जुने वैर. यावर रामबाण उपाय मला माहीत नाही. शेजारच्या भाषेतला, शेजारच्या विषयातला परीक्षक घ्यावा, परीक्षकाने आपले नाते संपादकाला आधी लिहून कळवावे, आणि नाकारलेल्या निबंधाच्या लेखकालाही कारणांचे टिपण पाठवावे, एवढे करता येते. ते काही संपादक आजही करतात. त्यांच्यामागे मोठी संस्था नसते, वर्गणीदार घटत असतात, आणि त्यांच्या पत्रिका पदोन्नतीच्या गणितात अनेकदा धरल्याही जात नाहीत.

अलीकडच्या दोन गोष्टींचा उल्लेख पुरे. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतले आठ हजारांहून जास्त हिंदावी या एकाच प्रकाशनाच्या जर्नलांतले, आणि त्यांतले बरेच 'विशेषांक' म्हणून पाहुण्या संपादकांच्या हवाली केलेल्या अंकांतले होते. पैसे घेऊन निबंध तयार करून देणाऱ्या टोळ्यांनी ते अंक भरून टाकले होते. दुसरी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२४ च्या सुरुवातीला एका मोठ्या प्रकाशकाच्या रसायनविषयक जर्नलात एक निबंध आला. त्याच्या प्रास्ताविकाचे पहिले वाक्य म्हणजे, तुमच्या विषयासाठी हे एक संभाव्य प्रास्ताविक, अशा अर्थाचे चॅटबॉटचे उत्तर होते, जसेच्या तसे. लेखकांनी, परीक्षकांनी, संपादकाने, मुद्रितशोधकाने, कुणीही निबंधाची पहिली ओळ वाचली नव्हती. चॅटबॉट वापरावा की नाही यावर आपण बरेच बोलतो. भाषा सुधारायला तो वापरला आणि तसे सांगितले, तर मला त्यात गैर दिसत नाही. इंग्रजीशी झगडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तर त्याचा आधारच होईल. पण ज्याने आपल्या नावावरची पहिली ओळ वाचली नाही, त्याला चौथ्या अटीप्रमाणे उत्तर द्यायचे काम कसे जमेल?

या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात निवड आणि पदोन्नती समित्यांसाठी काही सूचना आहेत, आणि ते प्रकरण विद्यार्थ्यांपेक्षा प्राचार्यांनी, विभागप्रमुखांनी आधी वाचावे असा माझा आग्रह आहे. जर्नलच्या आकड्यावरून माणसाचे मोल करू नका, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात २०१२ मध्येच म्हटले गेले आहे. आपल्याकडे ते अमलात आणणे अवघड नाही. उमेदवाराने आपल्या सगळ्या निबंधांची झेरॉक्स फाईल आणण्याऐवजी स्वतःला सर्वांत चांगला वाटणारा एकच निबंध द्यावा. समितीतल्या विषयतज्ज्ञाला तो आठ दिवस आधी मिळावा. मुलाखतीत अर्धा तास त्यावरच बोलावे: हा प्रश्न का घेतलास, हा तक्ता कसा केलास, या कागदाचे वाचन कुणाचे, सहलेखकाने काय केले, परीक्षकाने काय सुचवले आणि तू काय बदललेस. परीक्षकाचे टिपण सोबत जोडायला सांगावे. ज्याच्या निबंधाचे खरोखर परीक्षण झाले असेल त्याच्याजवळ ते असते, आणि बहुधा त्याने ते जपून ठेवलेले असते.